मुंजीतल्या नऊ बायका, अठरा हजार रुपये आणि एक स्केचबुक : इंदूरची एक केस

पार्श्वभूमी

ही केस इंदूरची आहे, मागच्या उन्हाळ्यातली. ज्यांच्याबद्दल आहे त्यांची नावं लिहीत नाही, ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही बदललेत, पण जे घडलं ते असंच घडलं. मी स्वतः आधी फॉल-पिको आणि अल्टरेशन, मग ब्लाउज, मग छोटं बुटीक असं करत वीस वर्षं याच धंद्यात आहे, त्यामुळे नवीन मुली अधूनमधून विचारायला येतात. त्यातलीच ही एक. वय एकोणतीस, मुंबईत तीन वर्षं एका स्टायलिस्टची असिस्टंट होती, मग घरच्या कारणाने परत इंदूरला आली आणि स्वतःचं काम सुरू केलं. इथे तिला स्टायलिस्टच म्हणते.

तिचं काम असं की कपडे शक्यतो घरातलेच वापरायचे आणि त्यावर कानातलं, गळ्यातलं, केसातलं, पर्स, ओढणी असं बसवून द्यायचं, तेही परवडेल अशा पैशात. मला ही कल्पना पहिल्यापासून आवडली होती. आपल्याकडे प्रत्येक मराठी घरात आजीची एखादी महेश्वरी, आईच्या दोन-तीन चंदेरी, बाघ प्रिंटचे, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेल्या कापडाचे, सूट पडलेले असतात, महेश्वर तर इथून नव्वद-एक किलोमीटरवर, अहिल्याबाईंनी विणकर वसवले तेव्हापासून ती साडी म्हणजे आपल्या घरातलीच गोष्ट झालीये. कपाट भरलेलं असतं आणि कार्य आलं की तरी सगळ्या जणी नवीन घ्यायला धावतात. तर ही मुलगी म्हणत होती की नवीन काही घेऊ नका, मी आहे त्याचंच करून देते.

काम आलं ते रामबागेतल्या एका कुटुंबाकडून. वैशाखात मुंज, घरातल्या नऊ बायका, ऐंशीच्या आजींपासून सतरा वर्षांच्या भाचीपर्यंत. साड्या ठरलेल्या. ऍक्सेसरीजसाठी एकूण अठरा हजार, म्हणजे माणशी दोन हजार, आणि तिची फी वेगळी. मुहूर्त सकाळचा, कार्यालयाला एसी नाही, कूलर. मे महिन्यात इंदूरला पारा चाळीसच्या वर जातोच, शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची थंडगार रात्र, वगैरे म्हणतात ते रात्रीचं, मुंज लागते दिवसा.

अडचण कुठे होती

हे काम हातात आलं तेव्हा ती आधीच एका साखरपुड्यात पोळलेली होती. मार्चमध्ये तिने एका होलसेल दुकानातून ऑक्सिडाइज्डचे सात सेट घेतले होते, साडेसहाशेला एक. दिसायला खरंच सुंदर, मीही पाहिले होते. कार्यक्रम झाला, फोटो छान आले, सगळे खूश. तिसऱ्या दिवशी फोन आला की दोघींच्या गळ्यावर आणि कानाच्या पाळीवर लाल चट्टे उठलेत, खाज थांबत नाहीये, आणि तिसऱ्या एकीच्या क्रीम रंगाच्या चंदेरी ब्लाउजवर हिरवट डाग पडलाय तो जात नाहीये.

तिला वाटलं तिला नकली माल दिला. पण यात दुकानदाराने फसवलं असं नव्हतं, तिने विचारलंच नव्हतं की हे आहे कशाचं. ऑक्सिडाइज्ड हे धातूचं नाव नाहीये, ते वरच्या काळपट फिनिशचं नाव आहे. खाली काय असेल ते असेल, पितळ असेल, नाहीतर बहुतेक वेळा जर्मन सिल्व्हर. आणि जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते, ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण आहे. घामात मीठ असतं, त्याने निकेल थोडं थोडं सुटतं आणि ज्यांना निकेलची ऍलर्जी आहे त्यांच्या कातडीवर चट्टे येतात, तेही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी, म्हणून कार्यक्रमात कुणाला काही कळत नाही. हिरवा डाग तांब्याचा. हिवाळ्यात तोच सेट त्याच बाईने घातला असता तर कदाचित काहीच झालं नसतं, कारण अंगावर घाम नसता. म्हणजे उन्हाळ्यात स्वस्त दागिना निवडताना पहिला प्रश्न घामाचा, दिसण्याचा नंतर. हे मला इतक्या वर्षांत माहिती होतं, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिने त्या दोघींचे तेराशे रुपये परत केले आणि ब्लाउजच्या ड्रायक्लीनिंगचे पैसेही दिले, न मागता. हे मला महत्त्वाचं वाटतं म्हणून लिहितेय.

दुसरी अडचण वेगळीच होती आणि मला वाटतं तीच मोठी होती. ती क्लायंटला फोनवर फोटो दाखवायची, इंटरनेटवरून जमवलेले, एखाद्या मॉडेलच्या गळ्यात ठुशी, कुणाच्या केसात मोत्यांची वेणी. घरातल्या बायका म्हणायच्या हो हो असंच हवं. मग प्रत्यक्षात ते त्यांच्या अंगावर आलं की तसं दिसायचं नाही, कारण मॉडेलचा गळा लांब, ब्लाउजचा गळा खोल, साडी वेगळी, सगळंच वेगळं. मग बदलून आण, दुसरं आण, ते परत घेत नाहीत, पैसे अडकले. साखरपुड्यासाठी तिने त्या सात सेटांशिवाय आणखी सहा तुकडे घेतले होते जे कुणीच घातले नाहीत, ते तिच्या कपाटात तसेच होते.

ती माझ्याकडे आली तेव्हा मुंजीला सात आठवडे होते. म्हणाली, "काकू, हे काम घेऊ की सोडू?"

काय काय पर्याय होते

आम्ही दोघी माझ्या दुकानात दुपारच्या वेळी बसलो, त्या वेळात गिऱ्हाईक नसतं, आणि एकेक पर्याय बोलून पाहिला.

काम सोडणं हा पर्याय तिने स्वतःच मांडला आणि मी तो लगेच खोडला नाही. हातात भांडवल नाही, आधीचा फटका ताजा, आणि कुटुंब ओळखीचं, म्हणजे बिघडलं तर अख्ख्या रामबागेत बोभाटा. पण सोडलं असतं तर ती परत कुणाचीतरी असिस्टंट झाली असती असं मला वाटत होतं.

भाड्याने दागिने आणणं हा दुसरा. इंदूरला लग्नाचे सेट भाड्याने मिळतात, पण ते बहुतेक नवरीचे, भरगच्च, मुंजीतल्या काकूंना ते शोभत नाहीत आणि डिपॉझिट जास्त पडतं. शिवाय भाड्याच्या सेटमध्ये धातू कुठला हे तर आणखीच कळत नाही.

तिसरा, चांगल्या प्लेटिंगचं महाग काहीतरी मुंबईहून मागवायचं. माणशी दोन हजारात एकच नग आला असता आणि बाकी काहीच नाही. आणि प्लेटिंग कितीही चांगलं असलं तरी घासून घासून जातंच, आधी आकड्याच्या म्हणजे हुकाच्या ठिकाणी, जिथे कातडीला सगळ्यात जास्त लागतं तिथेच.

चौथा पर्याय म्हणजे फोनमधलं ऍप, ज्यात फोटोवर दागिना चढवून दाखवतात. तिला हे सोपं वाटत होतं. आम्ही तिथेच माझ्या फोटोवर करून पाहिलं. त्याने मला झुमके घातले, छान दिसले, पण पदर कुठे येणार, बसल्यावर काय दिसणार, घाम आल्यावर काय होणार यातलं काहीच त्यात नव्हतं. आणि त्या ऍपमध्ये फक्त त्यांच्याकडे विकायला असलेलाच माल होता.

पाचवा मी सुचवला, की तू चित्र काढायला शीक. ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली की शाळेत चित्रकलेत मला कायम सी मिळायची, मुंबईतही सगळं मूडबोर्डवर, म्हणजे जमवलेले फोटो एकत्र लावूनच चालायचं, स्केच काढणारे वेगळे लोक होते. मी म्हटलं मला सुंदर चित्र नकोय, मला हवंय की विकत घेण्याआधी तू ती बाई एकदा पूर्ण कागदावर उभी करशील. डोक्यापासून पावलापर्यंत. कारण दुकानात आपण एक एक वस्तू बघतो, हे पण छान, ते पण छान, आणि माणूस अख्खा कुठे बघतच नाही.

इथला हा पहिला निर्णय. तिने काम घेतलं, पण एका अटीवर, ती अट तिने क्लायंटला सांगितली, की पहिले चार आठवडे काहीच खरेदी होणार नाही. मुंजमुलाच्या आईला हे विचित्र वाटलं, तिला वाटत होतं की आत्तापासून आणून ठेवलं म्हणजे बरं. पण ऐकलं तिने.

शिकणं

आमच्या गल्लीत एक रिटायर्ड ड्रॉइंगचे सर राहतात. इंदूरच्या मातीत हे आहेच, १९२७ साली देवळालीकरांनी इथे चित्रकलेची शाळा काढली, बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी असे चित्रकार तिथून शिकून गेले, आणि इथलेच चित्रकार चिंचाळकर गुरुजी तर वाळकी पानं, काटक्या, बिया, फुटक्या वस्तू यातून माणसं उभी करायचे. आमच्या पिढीने हे सगळं आजूबाजूला पाहिलेलं आहे, त्यामुळे फेकायच्या वस्तूत काहीतरी दिसणं ही इथे फार नवलाची गोष्ट नाही. सरांना विचारलं, ते म्हणाले पाठवा, फी नको, पण रोज वीस मिनिटं केली तरच पाठवा.

तिने पहिल्या दिवशी नेटवरून फॅशनचं टेम्प्लेट छापून नेलं होतं, नऊ डोक्यांचं. म्हणजे असं की डोक्याची उंची एक धरली तर अख्खी आकृती नऊ पट. फॅशन स्केचमध्ये तीच पद्धत आहे, कपडा लांब आणि डौलदार दिसावा म्हणून, आणि ती वाढीव उंची बहुतेक पायात टाकतात. खरा माणूस साधारण सात ते साडेसात डोक्यांचा असतो. सरांनी ते टेम्प्लेट बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "आधी आजींना काढ."

ती माझ्याकडे येऊन रडवेली झाली, की सर फॅशन शिकवतच नाहीयेत. मला आधी तिची बाजू पटली होती, कारण बाहेर सगळीकडे नऊ डोकीच शिकवतात. पण मग तिने मला दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले आणि मला माझंच उत्तर मिळालं. नऊ डोक्यांच्या आकृतीला साडी नेसवली की ती वाढीव उंची सगळी निऱ्यांमध्ये जाते, काठ भलतीकडेच पडतो. आणि गळा लांब असतो, त्यामुळे ठुशी त्यावर सुरेख मोकळी दिसते, खाली अजून एक लांब माळही मावते. आजींचा गळा आहे दोन बोटं. त्यांच्या गळ्यात ठुशी आणि माळ दोन्ही घातलं की हनुवटीखाली नुसती गर्दी. म्हणजे साखरपुड्यात जे झालं ते याच कारणाने झालं होतं, ती मनातल्या मनात नऊ डोक्यांच्या बाईसाठी खरेदी करत होती.

सरांनी काय काय करून घेतलं ते थोडं लिहिते, कारण कुणाला करून बघायचं असेल तर यात खर्च काहीच नाही. ए४ चे साधे झेरॉक्सचे कागद, एक २बी पेन्सिल, खजुरी बाजारातून आणलेला ट्रेसिंग पेपर, खोडरबर नाही. पहिला आठवडा फक्त तीस-तीस सेकंदांची चित्रं, घरात कोण उभं आहे, कोण भाजी निवडतंय, काढायचं आणि पान उलटायचं. मग तोल कसा बघायचा ते. गळ्याच्या खड्ड्यातून एक सरळ उभी रेघ खाली सोडायची, ज्या पायावर वजन आहे त्या पावलाजवळ ती पडली पाहिजे, नाहीतर चित्रातली बाई पडतेय असं वाटतं. ज्या पायावर वजन तिकडचं कंबरेचं हाड वर जातं आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. एवढं एक कळलं तरी उभं राहणं जिवंत वाटायला लागतं, मी स्वतः करून पाहिलंय.

तिसऱ्या आठवड्यात एक प्रश्न आला. वेळ कमी आणि हात अजून कच्चा, मग नऊ जणींच्या आकृत्या ट्रेस करायच्या की स्वतः काढायच्या? ती ट्रेस करायला लाजत होती, तिला ते कॉपी वाटत होतं. सर म्हणाले हाताला वळण लागायला रोजचं रोज फ्रीहॅन्ड काढ आणि कामाला ट्रेस कर, दोन्ही वेगळं आहे. मग तिने नऊ जणींचे पूर्ण उभे फोटो काढले. इथे एक बारीक गोष्ट, फोन कंबरेच्या उंचीवर धरायचा आणि आठ-दहा फूट लांब उभं राहायचं. आपण नेहमी डोळ्याच्या उंचीवरून जवळून काढतो, त्यात डोकं मोठं आणि पाय आखूड येतात. ते फोटो ए४ वर छापले, खिडकीच्या काचेवर ट्रेसिंग पेपर लावून बाहेरची रेघ काढली. नऊ जणींचे नऊ साचे तयार. त्यावर दुसरा ट्रेसिंग ठेवून साडी, काठ, पदर, आणि मग त्यावर तिसरा, दागिन्यांचा. तो तिसरा कागद बदलत राहायचा, खालचे दोन तसेच.

रंग भरताना पहिल्यांदा चुकली. रात्री ट्यूबलाइटखाली रंग जुळवले आणि सकाळी पाहिलं तर बाघच्या लाल शेजारचा लाल एकदम विटकरी. मुंज सकाळची, म्हणजे सगळं दिसणार सकाळच्या उजेडात. मग तिने रंगाचं काम फक्त सकाळी नऊच्या सुमारास, खिडकीत बसून, साडीचा पदर समोर ठेवून केलं.

कागदावर काय दिसलं

हा भाग मला सगळ्यात आवडतो. कागदावर नऊ बायका उभ्या राहिल्या आणि खरेदीची यादी अर्धी झाली.

पहिलं म्हणजे महेश्वरीचा काठ. तो इतका ठसठशीत असतो आणि दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला, मोठ्या बायका मंगलाष्टकांना घेतातच, की गळा जवळजवळ झाकला जातो. पाच जणींच्या गळ्यातलं काहीच दिसत नव्हतं. दिसत होते कान, केस आणि मनगटं. मग तिने उभ्यांसोबत बसलेलीही चित्रं काढली, मातृभोजनाला आई खाली बसते, फोटो वरून निघतो, त्यात तर हात आणि केसातलं फूल एवढंच ठळक.

दुसरं, चपला. तिने मोजडीसाठी चार हजार धरले होते. चित्रात पावलं काढताना सरांनी सहज विचारलं की मांडवात चपला घालून बसतात का तुमच्याकडे. चार हजार तिथेच वाचले.

तिसरं, भाच्यांना गॉगल हवे होते, भिक्षावळीच्या आधी बाहेर फोटो काढायला. रस्त्यावर सव्वाशेला मिळतात. ते मी नको म्हटलं, कारण काळ्या काचेला यूव्हीचं, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपासून, संरक्षण नसेल तर डोळ्यांना उलट जास्त त्रास, काळोख वाटून बाहुली मोठी होते आणि ते किरण जास्त आत जातात. यूव्ही ४०० लिहिलेले खात्रीचे घ्यायचे तर बजेटबाहेर. त्याऐवजी तिघींना सुती स्कार्फ घेतले, तसेही इंदूरच्या मुली उन्हाळ्यात स्कूटीवर तोंडाला बांधूनच फिरतात, ते मुंजीनंतरही वापरात राहिले.

काय केलं

घामाला काय चालतं याचा आधी विचार केला. काच चालते, तिला घामाने काहीच होत नाही, म्हणून नऊ जणींना काचेच्या बांगड्या, राजवाड्यामागून, साडीचा पदर सोबत नेऊन, माणशी एकशे ऐंशी. रेशीमधाग्याच्या झुमक्या चौघींना. तिघींनी स्वतःचं सोन्याचं घातलं. दोघींना पूर्वी नकली कानातल्याने त्रास झालेला, हे तिने आधी प्रत्येकीला विचारून लिहून ठेवलं होतं, त्यांच्यासाठी सराफ्यातून ९२.५ चांदीच्या छोट्या कुड्या, सोळाशेला एक जोड. यावरून घरात थोडी कुरबूर झाली की त्यांनाच महाग का, मुंजमुलाच्या आईने ती मिटवली.

चिंचपेटीचा हट्ट दोघींनी सोडला नाही आणि त्यांचे गळे उघडे राहणार होते. तिथे दुसरा मोठा निर्णय आला. तिने निकेल तपासायचं किट मागवलं, त्यातलं द्रावण कापसावर घेऊन दागिन्यावर घासतात, निकेल असेल तर कापूस गुलाबी होतो. प्लेटिंग शाबूत असेल तर कळत नाही म्हणून आकडा आणि मागची बाजू घासून पाहायची. दुकानदाराला विचारून केलं, एकाने नाही म्हटलं, एकाने करू दिलं. गुलाबी आला. तिला आधी कुणीतरी सांगितलं होतं की आतून पारदर्शक नेलपॉलिश लाव, ते तिने स्वतःच्या एका जुन्या हारावर लावून आठवडाभर घालून पाहिलं आणि घामाने चार दिवसांत निघून गेलं. शेवटी चिंचपेट्या घेतल्या, पण माझ्या कारागिराकडून मागच्या बाजूला मऊ सुती अस्तर शिवून, आकड्याच्या जागी गोंड्याचा दोरा लावून. धातू कातडीला लागतच नाही. दोन्ही मिळून एकोणतीसशेला पडल्या.

पोटल्या, म्हणजे हातातले छोटे बटवे, माझ्या दुकानातल्या कतरनीतून केल्या, बाघ आणि महेश्वरीचे तुकडे, फक्त शिलाई दिली. बाघचा लाल-काळा तुकडा क्रीम साडीजवळ देण्याआधी पांढरा रुमाल ओला करून घासून पाहिला, दोन तुकड्यांचा रंग लागला, ते बाजूला काढले. वाळ्याचे पंखे घेतले, ऐंशीला एक, काठांना साडीच्या रंगाची पट्टी लावली. आणि मोगऱ्याचे गजरे. मोगरा म्हणजे उन्हाळ्याचाच, साठ रुपयांत याच्यापेक्षा सुंदर दुसरं काही मिळत नाही असं माझं मत आहे.

निकाल

सगळं मिळून अकरा हजार साडेचारशे खर्च झाले. साडेसहा हजारांच्या वर पैसे तिने हिशेबासकट परत केले. कुणाला चट्टे आले नाहीत, तिने चौथ्या दिवशी नऊ जणींना फोन करून विचारलं. एकही वस्तू न वापरता पडून राहिली नाही. आणि पंखे! कार्यालयातला एक कूलर अष्टवर्गाच्या पंगतीच्या वेळीच बंद पडला, नऊ बायका नऊ पंखे हातात घेऊन बसल्या होत्या, वाळ्यावर पाणी शिंपडलं होतं, अख्खी पंगत त्या वासाने भरून गेली. मी तिथे होते. फोटोत ते इतकं सुंदर दिसतंय की मुंजमुलाच्या आईने तोच फोटो मोठा करून लावलाय.

दोन गोष्टी बिघडल्या. गजरे पहाटे सहाला आणले, ओल्या कापडात गुंडाळून, तरी बारापर्यंत निम्मे पिवळे पडले आणि नंतरच्या फोटोंत ते दिसतं.

दुसरी गोष्ट जास्त लागली. तिने नऊही स्केचेस एकदम, दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर मांडली. बहुतेक जणी हरखून गेल्या, आजी तर स्वतःचं चित्र हातात घेऊन किती वेळ बघत बसल्या. पण मुलाच्या आत्या एकदम गप्प झाल्या. साचा खऱ्या फोटोवरून काढलेला, पोट जसं आहे तसं. आत्यांची मागच्या वर्षी मोठी शस्त्रक्रिया झाली होती, त्यानंतर अंग सुटलं होतं, आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं, हिला माहीत नव्हतं. त्या मुंजीला आल्या, सगळं घातलं, चांगलं बोलल्या. पण फोटोत कायम कुणाच्यातरी मागे उभ्या.

वेगळं काय करता आलं असतं

गजरे दोन खेपेत मागवायला हवे होते, सकाळचे वेगळे, जेवणानंतरचे वेगळे. शंभर-दीडशे रुपयांचा प्रश्न होता, पैसे उरलेलेच होते.

फी. स्केच, फोटो, ट्रेसिंग, बाजार मिळून तिचे एकतीस तास गेले आणि तिने त्याचे काहीच लावले नाहीत, शिकतेय म्हणून. मला हे पटत नाही. क्लायंटचे साडेसहा हजार वाचले ते त्या कागदांमुळे वाचले, मग कागदाचे पैसे का नाहीत? आता तिने माणशी एका स्केचचा दर ठरवलाय, कमीच आहे, पण ठरवलाय.

निकेलची तपासणी तिने खरेदीच्या वेळी केली, ती साखरपुड्याच्या आधी करायला हवी होती असं ती म्हणते. मला वाटतं किटची गरज दर वेळी नाही, आधी विचारणं पुरतं, की तुम्हाला कधी नकली दागिन्याने खाज आली होती का. मुळात जिथे धातू टाळता येतो तिथे उन्हाळ्यात टाळावाच.

आणि आत्या. यावर आमचं तिघांचं अजून एकमत नाही. सर म्हणतात खरं काढलं तेच बरोबर, त्याच्यामुळेच तर सगळं नीट बसलं. ती म्हणते की चित्र खरं ठेवायचं पण आधी ज्याचं त्याला एकट्याने दाखवायचं, आणि नको म्हटलं तर दुसऱ्या कुणाला दाखवायचंच नाही. मी म्हणते साचा फक्त तिच्या कामाचा आहे, तो वहीत राहू दे, क्लायंटला दाखवायला वरचा कागद पुरे, कान, केस, मनगट, एवढंच. पुढच्या कामात ती तिच्या पद्धतीने करणार आहे, डिसेंबरात एक लग्न आहे, बारा बायका.

आत्यांचं स्केच तिच्या वहीत आहे. तिने ते फाडलेलं नाही आणि नंतर कुणाला दाखवलेलंही नाही. आत्यांशी एकदा बोलायचं तिच्या मनात आहे, नंबर आहे, मी दोनदा आठवण केलीये, अजून फोन झालेला नाही.